गाडी ऑइल खात होती

आमची गाडी ऑइल खायची. गाडी म्हणजे ट्रक. आमच्या घरात त्याला ट्रक फक्त परक्या माणसांसमोर म्हणत. सकाळी तोंड धुवायच्या आधी आप्पांचा पहिला प्रश्न असायचा, "ऑइल आहे ना गं घरात?" मग आई पिठाच्या डब्यामागचा कॅन उचलून हलवून बघायची. दुसऱ्यांच्या घरी दूध संपलं की धावपळ होते, आमच्याकडे ऑइल संपलं की व्हायची. चाळीतल्या बायका आईला चिडवायच्या, "तुमच्या गाडीला एकदा दिवस गेलेत का बघा, फार खा-खा सुटलीय." आई हसून सोडून द्यायची, पण घरात येऊन कॅन जरा जोरातच खाली ठेवायची.

कोपरला स्टेशनच्या पश्चिमेला आमची खोली होती. एकच खोली, त्यात मोरी, मोरीवर पाण्याचं पिंप, पिंपावर परात. राहणारे आम्ही चौघं. आप्पा, आई, मी आणि आप्पांचा धाकटा भाऊ नामाकाका. काकाने लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "दादाच्या गाडीशीच झालंय माझं." तो आप्पांच्या गाडीवर क्लीनर होता आणि केस पांढरे व्हायला लागले तरी क्लीनरच राहिला. क्लीनर म्हणजे फडकं मारणारा माणूस असं लोकांना वाटतं. ताडपत्री बांधायची, मागे घेताना हात दाखवायचा, डावीकडचा रस्ता बघून ड्रायव्हरला सांगायचं, गाडी बंद पडली की तिच्याखाली शिरायचं, हे सगळं क्लीनरने करायचं असतं. आप्पा चालवायचे, काका बाजूला बसायचा. मानपाड्याच्या कंपन्यांमधून रंगाचे आणि कसल्याकसल्या केमिकलचे ड्रम उचलायचे आणि भिवंडीच्या गोडाऊनला टाकायचे, हेच त्यांचं रोजचं काम. रस्ता इतका पाठ होता की आप्पा म्हणायचे, मी झोपलो तरी गाडी पोचेल. हे वाक्य मी तेव्हा कौतुकाने ऐकायचे.

त्या घराचा वास मला अजून नाकात आहे. सुके बोंबील भाजल्याचा, रॉकेलच्या स्टोव्हचा, आणि या दोन्हींवर मात करणारा जळक्या ऑइलचा. आप्पांचे शर्ट सोड्यात उकळले तरी तो जायचा नाही. भाकरीच्या फडक्याला यायचा, माझ्या कॉलेजच्या वह्यांना यायचा. रविवारी विहारात पांढरी साडी नेसून वंदनेला बसलेल्या बायकांमध्ये आमची आई कुठे आहे हे डोळे मिटूनही कळलं असतं. आता ठाण्याला माझ्या फ्लॅटखाली रिक्षा दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथून कधीकधी तसाच वास वर येतो. सून लगेच खिडक्या लावून घेते. मी तिला खिडक्या का लावतेस असं कधी विचारत नाही, कारण मलाही त्या लावायच्याच असतात.

गाडी जुनी होती, आप्पांनी घेतली तेव्हाच दोन मालक झालेले होते. जुनं डिझेल इंजिन थोडं ऑइल खातंच, त्यात नवल नाही. पण मी बारावीला होते त्या वर्षी तिने ताळच सोडला. आधी आठवड्याला एखादा लिटर लागायचा, मग दोन दिवसांनी लागायला लागला, मग रोज. चाळीसमोरच्या मैदानात उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की मागून निळा धूर निघायचा आणि तो मैदानाच्या टोकाला असलेल्या पानाच्या टपरीपर्यंत जाऊन बसायचा. टपरीवाला शिव्या द्यायचा. ज्याला त्याला त्यावर काहीतरी सांगायचं असायचं. कुणी म्हणे जाड ऑइल टाका, कुणी म्हणे व्हॉल्वचं सील गेलंय. मानपाड्याचे युसूफभाई आप्पांचे जुने मिस्त्री, त्यांनी धूर बघूनच सांगितलं, "पिस्टनच्या रिंगा घासल्यात. इंजिन खोलना पडेगा." आप्पांनी साफ नाही म्हटलं. इंजिन खोलायचं म्हणजे गाडी पंधरा-वीस दिवस उभी, आणि तेवढे दिवस आप्पांना दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर, दुसऱ्या रस्त्याला जावं लागलं असतं. त्यांनी ते का टाळलं हे मला नंतर कळलं. युसूफभाई म्हणाले, "ठीक आहे, निदान लेव्हल तरी मला बघू द्या." आप्पा म्हणाले, "ते आम्ही घरी रोज बघतो."

इंजिनच्या खाली ऑइलचं चेंबर असतं, आणि त्यात किती ऑइल आहे हे बघायला एक लांब लोखंडी पट्टी वरून आत घातलेली असते. तिच्यावर दोन खुणा असतात. ऑइल खालच्या खुणेच्या खाली गेलं तर घालायचं, वरच्या खुणेच्या वर कधी जाऊ द्यायचं नाही. एवढं सोपं शास्त्र. आमच्याकडे ते बघायचा मान फक्त आप्पांचा होता. काकाने गाडीखाली झोपून हात काळे करायचे, मी कॅन आणि नरसाळं घेऊन उभं राहायचं, पण पट्टी आप्पाच ओढणार. ओढायची, फडक्याने पुसायची, परत आत घालायची, परत ओढायची, मग अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून वरून खालपर्यंत फिरवायची. "कमी आहे," असं ते म्हणाले की मी ओतायचं. ओतायचं काम माझं होतं, कारण आई स्टोव्हपाशी अडकलेली असायची आणि काकाचा हात थरथरायचा, त्याचं निम्मं ऑइल बाहेर सांडायचं. माझा हात स्थिर. बारावी सायन्सला होते मी, प्रयोगशाळेत ब्युरेट भरायची सवय. आप्पांना माझ्या ओतण्याचा अभिमान होता. मैदानातल्या इतर ड्रायव्हरांना ते सांगायचे, "आमची सुजाता एक थेंब बाहेर टाकत नाही."

आधीच्या वर्षी ते कधीकधी म्हणायचे, "आज बरोबर आहे, राहू दे." त्या वर्षी एकदाही म्हणाले नाहीत. रोज कमी. जितकं ओतावं तितका धूर, आणि धूर दिसला की आप्पा म्हणायचे, बघ, खातेय, अजून लागणार. कंपनीच्या गेटवर वेगळाच त्रास सुरू झाला. इंजिनची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून ऑइल टपकायला लागलं आणि वॉचमन गाडी आत घेईना. मग काकाने त्या नळीला रबरी पाइप जोडून तो वर हवेच्या फिल्टरमध्ये नेऊन सोडला. बरेच जण तेव्हा असं करत. टपकणं थांबलं. काका खूश झाला, त्या दिवशी त्याने मला स्टेशनबाहेरची कांदाभजी खाऊ घातली.

मला शंका आली नव्हती असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं मी ते म्हणत आले, पण या वयात आता कागदाशी तरी खोटं बोलू नये. दोन-तीनदा आप्पांनी पट्टी वर काढली तेव्हा ओली चमक वरच्या खुणेच्या पुष्कळ वर दिसली होती. मी मनाशी म्हटलं, पुसायचं राहिलं असेल. आप्पांना कोण विचारणार? आमच्या घरात आप्पा कुणावर हात टाकत नसत, आवाजही फार चढवत नसत, पण गाडीच्या बाबतीत त्यांना उलट विचारलं की दोन दिवस घरात कुणाशी बोलायचे नाहीत. त्या अबोल्यापेक्षा एक लिटर ऑइल स्वस्त वाटायचं.

त्या दिवशी माझी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. आईने मला आदल्या दिवशीची चवळीची उसळ आणि गरम भाकरी खायला घातली होती, कपाळावरून हात फिरवला होता, पांढरा कोट इस्त्री करून पिशवीत दिला होता. मी पिशवी मैदानाच्या नळाजवळ ठेवली आणि कॅन घेऊन गाडीशी गेले. ऊन चांगलं वर आलेलं होतं. आप्पांनी पट्टी ओढली, पुसली, घातली, परत ओढली. ती त्यांच्या हातात असतानाच तिच्यावर ऊन पडलं आणि मला अगदी स्वच्छ दिसलं. वरच्या खुणेच्या वर, चांगलं चार बोटं वर, ऑइल.

"आप्पा, वर आहे," मी म्हटलं.

"काय?"

"ऑइल. वरच्या खुणेच्या वर आहे. बघा ना, इथपर्यंत ओली आहे."

त्यांनी पट्टी चिमटीतून फिरवली. "ओलावा आहे तो. नळीला लागून येतो. ओत."

"पण आप्पा, नुसता ओलावा नाही, जाड थर—"

"सुजे," ते म्हणाले, "तीस वर्षं गाडी चालवतोय मी. आता तू मला ऑइल शिकवणार? ओत."

काका ताडपत्रीची घडी घालत होता. त्याने वळून आमच्याकडे पाहिलं आणि परत घडी घालायला लागला. मी हातातल्या घड्याळात पाहिलं. लोकल चुकली तर परीक्षा चुकणार होती. आणि आज वाद घातला तर परीक्षेहून परत आल्यावर घरात तोच अबोला बसलेला असणार होता. मी नरसाळं लावलं आणि एक लिटर ओतलं. एक थेंब बाहेर सांडला नाही.

मग मी नळावर हात धुवायला गेले. ऑइल साबणाने जात नाही, आधी माती चोळावी लागते. मी माती चोळत असताना आप्पांनी गाडी सुरू केली. ब्रेकमध्ये हवा भरायची म्हणून ते नेहमी थोडा वेळ रेस करत ठेवायचे, तसंच केलं. तो आवाज मी झोपेतही ओळखायचे. धूर आला, नेहमीपेक्षा दाट. टपरीवाल्याची शिवी ऐकू आली. आणि मग आवाज चढायला लागला. आप्पांनी पाय काढला असणार, कारण मी बघितलं तेव्हा ते दोन्ही हातांनी खटका ओढत होते, गाडी बंद करायचा. एरवी तो ओढला की इंजिन दोन उचक्या देऊन गप्प व्हायचं. त्या दिवशी ते थांबलं नाही. ते स्वतःचंच ऑइल जाळत होतं, त्याला डिझेलची गरजच उरली नव्हती. आवाज वर-वर जात राहिला. कुत्री पळाली, बायका चाळीच्या गॅलरीत आल्या, मैदानात पांढरा-निळा धूर इतका भरला की गाडीचं मागचं चाकही दिसेना. लोखंड असं किंचाळतं हे मला माहीत नव्हतं.

"नाम्या! हवा बंद कर! हवा!" आप्पा ओरडले.

अशा वेळी इंजिनची हवा कोंडली की ते मरतं, हे जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक असतं. गिअरमध्ये टाकून ब्रेकवर दाबली असती तरीही बंद पडली असती, असं युसूफभाई नंतर म्हणाले. पण तोवर काका समोर जाऊन उभा राहिलेला, बॉनेट उघडलेलं, गाडी एक फूट पुढे गेली असती तरी तो चिरडला असता. काकाने गोणपाट उचललं आणि फिल्टरच्या तोंडावर दाबायला हात आत घातला. फिल्टरच्या बाजूलाच पंखा. गोणपाटाचं टोक पंख्याने धरलं, गोणपाट गेलं आणि त्याच्यामागे काकाचा हात गेला.

काका ओरडलेला मला ऐकू आला नाही. त्या आवाजात कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. तो मागे बसला एवढंच दिसलं, सावकाश, थकून ओट्यावर बसावं तसा. मग आत कुठेतरी धाडकन दणका झाला, इंजिन जाम झालं आणि सगळं एकदम शांत झालं. त्या शांततेत मी धावले. मी पिशवीतला पांढरा कोट काढून त्याच्या हाताला गुंडाळला. बोटं कुठे आहेत हे मी शोधलं नाही. पुढे कुणीतरी ती कागदात बांधून आणली, पण डॉक्टर म्हणाले उपयोग नाही. आधी डोंबिवलीला नेलं, तिथून ठाण्याला पाठवलं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला.

तिसऱ्या दिवशी युसूफभाई मैदानात आले. आम्ही सगळे तिथे होतो. आई काकाचा डबा घेऊन दवाखान्यात निघालेली, मी तिच्याबरोबर. युसूफभाईंनी चेंबरचा नट सोडला आणि खाली डबा लावला. एक डबा भरला, दुसरा लावला. तोही भरला, तिसरा मागवला. ते उकिडवे बसून त्या धारेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दादा, इसमें तो डेढ़ गाडी का तेल है. रिंगा थोड्या घासल्या होत्या, पण इतकं नाही. ही ऑइल खात नव्हती. तुम्ही तिला पाजत होता, म्हणून ती जाळत होती. आणि हा पाइप! वर आलेलं सगळं परत पोटात." त्यांनी हात पुसले. "डाला किसने?"

मैदानातले चार-पाच ड्रायव्हर उभे होते. आप्पा बॉनेटला टेकून उभे होते, मान दुसरीकडे.

"पोरीने," ते म्हणाले.

ते खरंच होतं. मी वाट पाहिली. पुढचं वाक्य येईल असं मला वाटत होतं. मी सांगितलं म्हणून ओतलं तिने. पट्टी मी बघितली होती. यातलं कुठलंही चाललं असतं. ते आलं नाही. युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली, मला वाटतं त्यांना माझी दया आली. आईने डबा या हातातून त्या हातात घेतला आणि मला म्हणाली, "तू घरी जा." ती एकटीच स्टेशनच्या दिशेने गेली.

मला कुणी मारलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

आई काही दिवसांनी दमून तापाने पडली तेव्हाच मला दवाखान्यात काकाकडे पाठवलं गेलं. मी त्याला भात भरवला. काका म्हणाला, "चिडू नकोस दादावर." मी म्हटलं, "मी कशाला चिडू, ओतलं तर मीच ना." त्याने डाव्या हाताने ताट बाजूला सारलं.

"दादाला दिसत नाही, सुजे."

"म्हणजे?"

"दोन्ही डोळ्यांत पडदा आलाय. वर्ष उलटून गेलं. ऑइलची पट्टी त्याला दिसतच नव्हती. तो बोटानेच बघायचा."

"आणि गाडी?"

"रस्ता पाठ आहे त्याला. बाकीचं मी बोलतो. डावीकडे खड्डा, समोर बस थांबलीय, सिग्नल लाल. मी बोलायचो, तो हाकायचा."

आज हे लिहिताना मी हिशेब करते. त्या कल्याण-शीळ रस्त्यावरून रोज किती माणसं ये-जा करत असतील, किती पोरं शाळेत जात असतील, आणि केमिकलच्या ड्रमांनी भरलेला ट्रक एक न दिसणारा माणूस भावाच्या तोंडाच्या भरवशावर चालवत होता. तेव्हा मात्र मला माणसं आठवली नाहीत. मला फक्त माझं नाव आठवलं.

"मग बोलला का नाहीस कुणाला?" मी म्हटलं.

"कुणाला बोलू? लायसन जाईल त्याचं. दुसरं येतं काय त्याला? माझं काय, मी क्लीनर. माझं काय जाणार होतं?" एवढं बोलून त्याने स्वतःच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि त्याला हसू आलं. खरोखरच आलं. मग म्हणाला, "तू पण बोलू नकोस. शपथ घे माझी."

मी शपथ घेतली. कोवळ्या वयात माणूस फार भराभर शपथा घेतो.

गाडी भंगारात गेली. आप्पा मानपाड्याच्या एका कारखान्यात वॉचमन लागले. गेटवर येणाऱ्याला ते आवाजावरून ओळखायचे आणि साहेबलोकांना वाटायचं, काय हुशार म्हातारा आहे. कोंबडं झाकून ठेवलं होतं, तांबडं फुटायला फक्त उशीर होता. काका ओट्यावर बसू लागला. डाव्या हाताने जेवायला त्याला महिनोन्‌महिने लागले, भाकरी मोडता येईना म्हणून आई त्याच्या ताटात तुकडे करून द्यायची. पायजम्याची नाडी त्याला बांधता यायची नाही, तेव्हा तो दाराआड उभा राहून आप्पांना हाक मारायचा. आणि आप्पा यायचे, बांधायचे, चाचपडत.

मी ते वर्ष बुडवून पुढच्या वर्षी परीक्षा दिली, पास झाले, पुढे एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले. पण घरात माझी ओळख एका वाक्यावर येऊन थांबली होती. आलेल्या प्रत्येकाने काकाचा हात बघून विचारायचं, आणि आईने सांगायचं, "आमच्या सुजाताची घाई. परीक्षेच्या नादात जास्त ऑइल ओतलं हो तिने." अगदी याच शब्दांत, दर वेळी. रागाने नाही, दुखरा दात जिभेने चाचपावा तसं. मला बघायला येणाऱ्यांपुढेही तिने ते सांगितलं. एक मुलगा त्यावर म्हणाला, "म्हणजे यांच्या हातचा चहा जपून प्यायला हवा." सगळे हसले. आप्पा हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. मी त्या वेळी त्यांच्याकडे बघत होते. माझा बाप भित्रा आहे, हे त्या दुपारी मला कळलं, आणि मी त्यांचा तिरस्कार करायला लागले. तो मी बरीच वर्षं नेमाने केला.

पाच वर्षांनी कारखान्यात डोळे तपासायला डॉक्टर आले आणि आप्पा सापडले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून कडक झालेले. आई हबकली. "कधीपासून दिसत नव्हतं तुम्हाला?" आप्पा म्हणाले, "झाले असतील सात-आठ महिने." काका ओट्यावर लसूण सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर काळा चष्मा लावून त्यांना घरी आणलं. आल्याबरोबर त्यांनी चष्मा काढला आणि खोली बघितली. भिंतीला रंग द्यायला हवा म्हणाले. आईकडे बघून म्हणाले, "तू एवढी पांढरी कधी झालीस?" आई लाजली, म्हणाली तुमच्याच घरात झाले. तेवढ्यात काका पाण्याचा तांब्या घेऊन आला, डाव्या हातात. उजवा नेहमीप्रमाणे मागे.

"नाम्या, हात दाखव," आप्पा म्हणाले.

"काय बघायचंय त्यात? तोच आहे."

"दाखव."

काकाने दाखवला. आप्पांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. पाच वर्षं त्याची नाडी बांधणाऱ्या त्या माणसाने तो हात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि आई घाबरून पदर घेऊन धावली. त्यांनी तिला दूर सारलं.

"मला पट्टी दिसत नव्हती रे," ते म्हणाले. "किती महिने दिसत नव्हती. मी नुसतं कमी आहे म्हणायचो. जास्त असलेलं बरं, असं वाटायचं. ही म्हणाली होती मला, वर आहे म्हणून. मीच ओतायला लावलं."

आई हातात पदर धरून तशीच उभी राहिली. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं हे मला सांगता येणार नाही, कारण मी तिच्याकडे बघत नव्हते. माझ्या अंगात इतकी वर्षं साठलेलं सगळं एकदम वर आलं.

"मग तेव्हा का नाही बोललात?" मी ओरडले. "सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंत. आई प्रत्येकाला सांगत राहिली आणि तुम्ही ऐकत राहिलात. पाच वर्षं, आप्पा! माझं काय चुकलं होतं?"

"सुजे, हळू," काका म्हणाला.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी सोळा-सतरा वर्षांची असताना त्यांनी मला शेवटचं नीट पाहिलं असणार, आता मी तेविशीत होते. त्यांच्या आवाजात चीड नव्हती, दोष देणं नव्हतं, मला टोचावं असंही काही नव्हतं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"मला दिसत नव्हतं, सुजे," ते म्हणाले. "तुला तर दिसत होतं ना?"

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. तुम्ही ऐकलं नसतं. तुम्ही दोन दिवस बोलला नसता. माझी परीक्षा होती. मी पोर होते. सगळी खरी होती, आणि पाच वर्षं मी ती स्वतःला रोज सांगत आले होते. काकाचा हात अजून आप्पांच्या हातात होता.

"हो," मी म्हटलं. "दिसत होतं."